डार्विनहून मॅनिंग्रिडा: छोट्या विमानाने कामावर जाणाऱ्यांसाठी

कानोसा (सोमवार, रात्री ९:४०)

नवी_पाटी यांनी नोकरीच्या धाग्यावर विचारलं होतं: उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये फिरतीचं काम मिळतंय, पण त्या आठ-नऊ माणसांच्या विमानांची धास्ती वाटते, घ्यावं का? तिथे दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारी. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, आता तीन वर्षं डार्विनला आहे. महिन्याचे दहा-बारा दिवस डार्विनच्या पूर्वेला, आर्न्हेम लँड या आदिवासी मुलखात जातात: मॅनिंग्रिडा, मिलिंगिंबी, रामिंगिनिंग, गालिविंकू. तिथल्या लहान मुलांत मधल्या कानाचा आजार इतका आहे की कान वाहणं म्हणजे आपल्याकडची सर्दी. वर्गात मागे बसणारं, बाईंकडे न बघणारं पोर बऱ्याचदा हट्टी नसतं, त्याला ऐकूच येत नसतं. हे काम फोनवरून होत नाही, जावंच लागतं.

डार्विन ते मॅनिंग्रिडा रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोरड्या ऋतूत जीपने अख्खा दिवस मोडतो. वाटेत ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंगची फरशी लागते. भरती आली की फरशीवरून पाणी वाहतं आणि त्या पाण्यात मगरी असतात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, रस्ता कित्येक आठवडे बंदच. मग माणसांसाठी विमान आणि जड सामानासाठी डार्विनहून निघणारी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, एवढंच उरतं.

माझं नेहमीचं विमान सेस्ना कॅरॅव्हॅन. एक इंजिन, बहुतेक वेळा एकच वैमानिक, जास्तीत जास्त नऊ प्रवासी. निघण्याआधी बॅग काट्यावर जाते, मग हातातल्या पिशवीसकट तुम्हीही काट्यावर उभं राहायचं. आकडा कुणी मोठ्याने वाचत नाही, कागदावर लिहितात. त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. ज्याने बॅगा पोटाखालच्या कप्प्यात रचल्या, ज्याने पट्टा कसा लावायचा ते सांगितलं, तोच पुढे जाऊन विमान सुरू करतो. आत स्वच्छतागृह नाही, चहा नाही. सव्वा तास खाली फक्त झाडी, वळणं घेत जाणाऱ्या नद्या आणि गाळाच्या खाड्या. पहिल्या दिवशी मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. शेजारच्या आजी शांत झोपल्या होत्या, त्यांच्या मांडीवर डार्विनच्या दुकानातली कोंबडीच्या तुकड्यांची पिशवी होती, वासाने मला भूक लागली.

उतरल्यावर कुंपणापाशी अर्धं गाव उभं असतं. कुणाची मुलगी बाळंत होऊन आलेली, कुणाचा काका इस्पितळातून सुटलेला, कुणी नुसतंच बघायला. तालुक्याच्या एसटी स्टँडावर संध्याकाळच्या गाडीला जशी माणसं येतात तशी.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते. पहिल्या वर्षीची गोष्ट, कंपनीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. माझी श्रवणतपासणीच्या यंत्रांची अठरा किलोची पेटी चढवलीच नाही. मला ते कळलं उतरल्यावर. चाळीस मुलं बोलावलेली, पालक कामं सोडून आलेले, आणि मी रिकाम्या हाताने. मी दवाखान्याच्या फोनवरून खूप बोलले त्या कंपनीला, आवाज चढवून. मग तिथल्या योलंगू (इथला एक आदिवासी समाज) आरोग्यसेविकेने मला बाहेर नेलं आणि दाखवलं: माझ्या पेटीच्या जागी दवाखान्याची औषधांची खोकी आली होती, आणि ऐनवेळी एका बाईंना जागा दिली होती. त्या भावाच्या अंत्यविधीसाठी डार्विनहून येत होत्या. ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात त्याला इथे. ते सुरू असताना गावातलं बाकी सगळं थांबतं. मला कुणी आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे. पण त्या दिवशी वजनात जे बसत नव्हतं ते मागे ठेवायचं होतं, आणि तीनपैकी मागे राहण्यासारखी माझीच पेटी होती.

खांद्यावरच्या पिशवीत ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायची दुर्बीण, तेवढा होता. मी चाळीस मुलांचे कान बघितले आणि पुसले. टिश्यू वळून त्याची वात करायची, ती हलक्या हाताने कानात फिरवायची, पू शोषला की नवी वात. इथे सगळीकडे हीच पद्धत आहे. दुपारपर्यंत आरोग्यसेविका, दोन आया आणि मी भिंतीला टेकून वाती वळत बसलो होतो. निरांजनासाठी आजीबरोबर वळायचे तशाच. त्या दिवशी सात मुलांना पडद्याला भोक असल्याचं सापडलं.

तेव्हापासून टिम्पॅनोमीटर (कानाचा पडदा किती हलतो ते मोजणारं यंत्र) आणि ओटोस्कोप माझ्या खांद्यावरच असतात, चार किलो. बाकीची पेटी आधीच्या बार्जने पाठवते. नवी_पाटी, भीतीबद्दल इतरांनीही लिहावं. मी एवढंच म्हणेन की ते विमान आधी त्या गावाचं आहे, मग आपलं. हे एकदा मनात बसलं की अर्धी चिडचिड जाते.

नवी_पाटी (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, किती सविस्तर लिहिलंत! मी फिजिओथेरपिस्ट, सध्या अ‍ॅडलेडला. काम डार्विनमधून, महिन्यात दोन आठवडे फिरती. खरं सांगते, आईला अजून सांगितलेलं नाही. एका इंजिनाचं विमान म्हटल्यावर ती जेवायची नाही. पावसाळ्यात वादळात काय करतात? सामान किती नेता येतं? आणि त्या वस्त्यांत जायला परवाना लागतो असं ऐकलं, तो कोण देतं?

ढगवाला (मंगळवार, सकाळी ५:५०)

ड्यूटीला निघायच्या आधी लिहितोय. मी नाशिकचा, इथे नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विनच्या प्रांतात, कॅरॅव्हॅन विमान चालवतो. आधी दीड वर्ष सहा आसनी सेस्ना होती.

वादळाबद्दल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे ‘बिल्ड-अप’ असतो, म्हणजे आपल्याकडचा मे अखेर, पण दुप्पट चिकट. सकाळी आभाळ स्वच्छ, दुपारी दोननंतर ढगांचे मनोरे. म्हणून आमची बरीच उड्डाणं भल्या सकाळी असतात. ढगात घुसायचं नाही, वळसा घालायचा किंवा थांबायचं. थांबणं हाच कामाचा मोठा भाग आहे. मागच्या मोसमात मी दोनदा धावपट्टीच्या वर हवेत एक फेरी मारून परत डार्विनला आलो, कारण मातीच्या पट्टीवर पाणी साचलेलं दिसलं. मागे बसलेले लोक नाराज होते. मलाही वाईट वाटलं. तरी तिसऱ्यांदाही परतच येईन.

वजनाचं कारण: हवा तापली की विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला कमी मिळते, विमान जास्त धावल्यावर उचलतं. सकाळी सात वाजता जे वजन उचलतं ते दुपारी चाळीस अंशांत, छोट्या पट्टीवरून उचलेलच असं नाही. त्यात कित्येक ठिकाणी इंधन मिळत नाही. मग परतीचं इंधन इथूनच घ्यावं लागतं, आणि तेवढ्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. आसन रिकामं दिसतंय तरी माझी पेटी का नाही घेतली, याचं उत्तर बऱ्याचदा पंखांतल्या टाकीत असतं.

बॅग मऊ कापडाची आणा, चाकांची कडक बॅग कप्प्यात बसत नाही. मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, तेरा ते पंधरा किलो धरून चाला.

एका इंजिनाबद्दल आईला सांगा: टर्बाइन इंजिन आहे, पिस्टनचं नाही. फ्लाइंग डॉक्टरवाल्यांची (दूरच्या रुग्णांकडे विमानाने जाणारी सेवा) पिलाटस पीसी-१२ विमानंही एकाच टर्बाइनवर चालतात, आणि ती रात्रीसुद्धा मातीच्या पट्ट्यांवर उतरतात. रात्रीचं सांगायचं तर, कित्येक पट्ट्यांचे दिवे वैमानिक आपल्या रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबून हवेतूनच लावतो. त्याआधी गावातलं कुणीतरी गाडी घेऊन पट्टीवर एक चक्कर मारतं, वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, हाकलायला. ती गाडी चालवणाऱ्याला माझा रोज नमस्कार.

आयझाकर (मंगळवार, दुपारी १:१५)

मी क्वीन्सलँडमध्ये माउंट आयझाला डॉक्टर आहे. इथली तऱ्हा वेगळी, म्हणून लिहितो.

ब्रिस्बेनहून माउंट आयझाला जेट येतं, पण एक दुसरी वाटही आहे: ब्रिस्बेन, टुवूंबा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल, बेडुरी, बूलिया, माउंट आयझा. चौतीस आसनी साब ३४० विमान, हवाई सुंदरी एक. सगळा दिवस चढ-उतार. मी एकदा मुद्दाम तसा आलो. बर्ड्सव्हिलला उतरलो, समोर रस्त्यापलीकडे १८८४ सालचं हॉटेल, मागे सिम्प्सन वाळवंट. वस्ती शंभर-सव्वाशेची. कुणी दोन खोकी भाजी उतरवून घेतली, कुणी शाळेच्या कागदांचा गठ्ठा चढवला, आणि पंधरा मिनिटांत परत हवेत. हा मार्ग राज्य सरकारने नेमून दिलेला आहे आणि पैसेही सरकार घालतं. बाजारावर सोडला असता तर विंडोराला विमान कशाला उतरलं असतं?

३० जुलै २०२४ ला हा मार्ग चालवणारी रेक्स ही कंपनी पैशाअभावी प्रशासकांच्या ताब्यात गेली तेव्हा मोठ्या शहरांमधली तिची बोइंग थांबली, साब मात्र उडत राहिल्या. ते दोन-तीन दिवस मला आठवतात. पुढच्या आठवड्यात तपासणीला येणाऱ्या पेशंटचे फोन थांबत नव्हते: ‘डॉक्टर, विमान येणार ना?’

सुरक्षेबद्दल गोड बोलून चालणार नाही. ७ मे २००५ ला बमागाहून लॉकहार्ट रिव्हरला येणारं एकोणीस आसनी मेट्रो जातीचं विमान खराब हवेत उतरताना डोंगराला धडकलं, पंधराजण गेले. केप यॉर्कच्या, म्हणजे क्वीन्सलँडच्या त्या उत्तर टोकाच्या, छोट्या गावांत त्यातलं प्रत्येक माणूस कुणाचं तरी नात्याचं होतं. चौकशीचा अहवाल सगळ्यांसाठी खुला आहे. वैमानिक परत फिरला तर प्रवाशांनी कुरकुर करू नये, असं मला वाटतं ते त्या अपघातामुळे.

हिशेबनीस (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. शंभर माणसांच्या गावाला सरकारी पैशाने विमान, तेही कायमचं? या पैशात त्या लोकांना शहरात घरं देता येतील. दवाखाना, शाळा सगळं जवळ. हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

कानोसा (मंगळवार, रात्री ८:५५)

हिशेबनीस, हा प्रश्न इथे शंभर वर्षं विचारला जातोय, आणि विचारण्यावर थांबला नाही, लोकांना खरंच हलवलं गेलं. ख्रिस्ती मिशन आणि सरकारी वसाहतींमध्ये वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र आणून ठेवली. मॅनिंग्रिडा १९५७ ला अशीच वसली. आज तिथे दहाहून जास्त भाषा कानावर पडतात, मला तपासणीच्या खोलीत दुभाषा शोधताना ते रोज कळतं. सत्तरच्या दशकात कित्येक कुटुंबं आपापल्या मूळ जमिनींवर परत गेली. १९७६ च्या जमीन हक्क कायद्याने आर्न्हेम लँडची मालकी त्यांची झाली. आपण तिथे जातो ते त्यांच्या परवान्याने. नवी_पाटी, तो परवाना नॉर्दर्न लँड कौन्सिल ही आदिवासी जमिनींचं काम बघणारी संस्था देते, तुमच्या नोकरीचं कार्यालय अर्ज करेल. आणि दारू अजिबात नेऊ नका, भेट म्हणूनही नाही, तो गुन्हा आहे.

शहरात नेलं की काय होतं ते मी डार्विनमध्ये बघते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गावात यंत्र नाही म्हणून तो डार्विनला किंवा अ‍ॅलिस स्प्रिंग्जला येतो, एकटा, आणि तिथेच राहतो. पश्चिम वाळवंटातल्या पिंटुपी आदिवासींना हे सहन होईना. त्यांनी स्वतः चित्रं काढली, २००० साली सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव झाला, दहा लाख डॉलरच्या वर जमले. त्यातून गावात डायलिसिस सुरू करणारी संस्था उभी राहिली, तिला सगळे ‘पर्पल हाऊस’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांनी आयुष्याची उरलेली वर्षं आपल्या जमिनीवर काढावीत म्हणून कुंचला हातात घेतला. मी त्यांना ‘शहरात घर घ्या’ कुठल्या तोंडाने सांगू?

बाळंतपणाचंही तेच. पोरीला अडतिसाव्या आठवड्याच्या सुमारास शहरात नेतात, ती अनोळखी वसतिगृहात वाट बघत बसते. ती बाळाला घेऊन विमानातून उतरते तो क्षण कुंपणापाशी उभं राहून एकदा बघा.

पारलकोटा (मंगळवार, रात्री १०:२०)

कानोसा ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी गडचिरोलीतल्या भामरागडला तीन पावसाळे वैद्यकीय अधिकारी होतो. पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की आमचा संपर्क तुटायचा, कधी दोन दिवस, कधी चार. गरोदर बाईला आधीच तालुक्याबाहेर हलवायचं, तर ती घर सोडून यायला तयार नसायची, आणि तिचं बरोबर असायचं. घरी दोन लेकरं, शेतात रोवणी. तेव्हा सरकारी बैठकीत ‘ही गावं खाली आणा’ म्हणणारे होतेच. पुलाच्या अलीकडे उभं राहून पलीकडे हात हलवणारा नातेवाईक बघितल्यावर तसं म्हणवत नाही. इथे गावाकडून धावपट्टीवर गाडी फिरवणारा माणूस वाचला आणि आमच्याकडचा, नदीचं पाणी किती चढलं ते फोनवर सांगणारा कोतवाल आठवला.

तिलारी (बुधवार, सकाळी ९:००)

पैशाच्या मुद्द्यावर एक भर. आमच्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईचं विमान ‘उडान’ योजनेतून होतं. त्या योजनेत मार्गाला तीन वर्षं मदत मिळते, नंतर त्याने आपल्या पायावर उभं राहावं ही अपेक्षा. तीन वर्षं झाली, २०२४ ला मुंबईची सेवा थांबली. वडिलांच्या केमोसाठी आम्ही पुन्हा रात्रभराच्या गाडीवर आलो. ऑस्ट्रेलियात ही मदत किती वर्षं चालते?

आयझाकर (बुधवार, दुपारी १२:४०)

वडिलांची तब्येत आता कशी आहे? कळवा.

अगदी दूरच्या वस्त्यांसाठी केंद्र सरकारची योजना १९८३ पासून आहे. अडीचशेच्या वर वस्त्या आणि गुरांची कुरणं त्यात येतात. आठवड्यातून एकदा विमान, टपाल, औषधं, किराणा, एखाद-दुसरा प्रवासी. मार्ग फायद्यात यावा अशी अट त्यात नाही, कारण तो कधी येणारच नाही. चाळीस वर्षांत सरकारं बदलली, योजना टिकली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून आपल्या दूरच्या रहिवाशांसाठी तिकिटाला कमाल दर बांधला: हजार किलोमीटरच्या आत १९९ डॉलर, त्यापुढे २९९. बाहेरून आलेल्याला तो लागू नाही, आणि तसंच असायला हवं.

मॅन्ग्रोव्ह (बुधवार, रात्री ९:१०)

मी डार्विनला १९९४ पासून. तरुण मंडळी लिहितायत, वाचून बरं वाटलं. थोडं जुनं सांगतो.

क्वांटासचं नाव आज लंडन-न्यूयॉर्कशी जोडतात, पण ती कंपनी निघाली १९२० साली क्वीन्सलँडच्या विंटनमध्ये, आणि २ नोव्हेंबर १९२२ ला तिची पहिली नेमाची सेवा चार्लव्हिल ते क्लॉनकरी अशी सुटली. पहिले प्रवासी अलेक्झांडर केनेडी, वय ८४. तरुणपणी याच मुलखात बैलगाड्यांबरोबर महिनेच्या महिने चाललेला माणूस. मग १७ मे १९२८ ला क्लॉनकरीहूनच फ्लाइंग डॉक्टरचं पहिलं विमान उडालं, तेही क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं. म्हणजे या देशात विमानसेवा आडगावातून निघाली आणि शहरात नंतर पोचली.

आर्न्हेम लँडची कथा माझी आवडती. हॅरॉल्ड शेफर्डसन नावाचा मिशनरी, लाकूड कापायच्या गिरणीचं काम जाणणारा. त्याने तीसच्या दशकात मिलिंगिंबीला स्वतःच्या हाताने छोटं विमान जुळवलं. पुढे एल्को बेटावरून तो लांबच्या कुटुंबांना पीठ, तंबाखू, औषधं पोचवत राहिला. लोकांनी आपल्या जमिनीवरून यावं असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून तो त्यांच्याकडे जायचा. हिशेबनीस, बघा विचार करून.

आणि कानोसा, तुम्हाला मुलं ‘बालंदा’, म्हणजे आदिवासी नसलेलं माणूस, म्हणत असतील ना? तो शब्द इंडोनेशियातल्या मकासरच्या खलाशांनी आणला, मूळ ‘हॉलंडर’. ते लोक दर वर्षी डिसेंबरच्या मोसमी वाऱ्यावर शिडं उभारून सुलावेसीहून यायचे, समुद्रकाकड्या (समुद्रतळावरचे मऊ प्राणी) सुकवायचे आणि एप्रिलच्या सुमारास उलट्या वाऱ्यावर परत जायचे. हाच मान्सून, जो आज ढगवाल्याला परत फिरायला लावतो.

हिशेबनीस (गुरुवार, सकाळी ८:२५)

वाचलं सगळं, दोनदा. डायलिसिसचं मला माहीत नव्हतं. माझी आजी शेवटची चार वर्षं ठाण्यात आमच्याकडे होती, गावाचं नाव काढून रडायची, ते आठवलं. खर्चाचा प्रश्न माझ्या मनात आहेच, पण ‘हलवा’ हा शब्द मागे घेतो.

नवी_पाटी (गुरुवार, रात्री १०:००)

आईला सांगितलं! ढगवाला यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, त्या मुलाला जेवायला कोण घालतं. होकार कळवला, पुढच्या महिन्यात रुजू. आता शेवटचे प्रश्न: कुकर नेऊ का? आणि डाळ-तांदूळ तिथे मिळतात का?

ढगवाला (शुक्रवार, सकाळी ५:४०)

काकूंना सांगा, स्वतःच करतो, वरणभात आणि अंडी. पण त्यांनी विचारलं हे मी माझ्या आईला कळवलं आहे.

कानोसा (शुक्रवार, सायंकाळी ७:१५)

अभिनंदन! तांदूळ गावच्या दुकानात मिळतो, महाग असतो. तूरडाळ, गोडा मसाला, पोहे डार्विनहून न्या. पावसाळ्यात बार्ज चुकली की दुकानाची फळी रिकामी दिसते, म्हणून आठवडाभराचं जास्त ठेवा. कुकर दोन लिटरचाच घ्या आणि डाळ-पोहे त्याच्या आतच भरा. शिट्टी खांद्यावरच्या पिशवीत, माझी एकदा कप्प्यात हरवली. कपडे चार जोड पुरतात. फिजिओचे रबरी पट्टे हलके असतात, ते भरपूर घ्या. व्यायामाचे वजनी गोळे नेऊ नका, तिथे वाळूच्या पिशव्या शिवून घेता येतात, आरोग्यसेविका दाखवतील.

तुमची पहिली फिरती कुठल्या आठवड्यात आहे ते व्यक्तिगत निरोपाने कळवा. दुसऱ्या मंगळवारी सकाळच्या विमानाने मी मॅनिंग्रिडाला जाते आहे. जमलं तर एकत्रच काट्यावर उभ्या राहू.